टाचेखालची जमीन

टाच दुखायला लागली की कोकणात पुढच्या तीन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी कुणीतरी वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी तालुक्याच्या गावी एक्स-रे निघतो. आणि एक्स-रे बघून ‘हाड वाढलंय’ एवढं एक वाक्य घरी येतं. ते वाक्य मग घरातून जात नाही. वाढलेलं हाड शेकून कमी होणार नाही हे कुणालाही कळतं, त्यामुळे माणूस हात टेकतो आणि लंगडत कामाला लागतो.

या वाक्यावर माझा राग आहे. ते खोटं नसतं, पण बहुतेक वेळा गैरलागू असतं. टाचेच्या हाडाच्या तळाशी, पुढच्या अंगाला चोचीसारखी वाढ दिसते हे खरं. पण वयाबरोबर ती टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही सापडते, आणि टाचेने बेजार झालेल्या पुष्कळांच्या एक्स-रेत सापडत नाही. शिवाय अशी चोच तयार व्हायला वर्षं लागतात. दुखणं मात्र गेल्या पावसात सुरू झालेलं असतं. दुखणं पूर्ण थांबल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तरी चोच जागच्या जागी असते. मग दोष तिला का द्यायचा?

त्यापेक्षा जुना प्रश्न बरा होता. सुश्रुतसंहितेत वातकंटक नावाचा पायाचा विकार आहे, आणि त्याचं कारण दिलंय ते पाऊल विषम पडण्याचं. उपचारांचा वाद बाजूला ठेवू. पाऊल कुठे पडतं, कसं पडतं, किती वेळा पडतं, ही चौकशी आजही टाचदुखीतली पहिली चौकशी आहे. तिच्यात एकच भर घालायची: गेल्या दोन-तीन महिन्यांत यातलं काय बदललं?

आधी टाचेची बांधणी. टाचेच्या हाडाच्या तळातून, किंचित आतल्या अंगाने, एक जाड चिवट पट्टा निघतो आणि पुढे पसरत पाच फाटे होऊन बोटांच्या मुळाशी जातो. हा प्लांटर फॅशिया. स्नायूसारखा तो आखडत नाही आणि रबरासारखा ताणलाही जात नाही. पावलाची कमान खालून बांधून धरणं हे त्याचं काम. चालताना टाच उचलली जाते, बोटं वर वाकतात, आणि हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जातो. त्यामुळे टाच आणि बोटं जवळ ओढली जातात, कमान उंचावते, पाऊल ताठ होतं, आणि त्या ताठ पावलाने रेटा देऊन आपण पुढे सरकतो. १९५४ मध्ये हिक्स या ब्रिटिश संशोधकाने या यंत्रणेचं वर्णन करताना जो शब्द वापरला त्याचा अर्थ सरळ सरळ रहाट. विहिरीवर रहाट ओढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. फक्त हा रहाट दिवसाला पाच-सात हजार वेळा फिरतो, आणि त्याचा दोर झिजतो तो टाचेच्या हाडाला जिथे बांधलाय तिथे.

मोठ्या माणसांच्या टाचदुखीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. त्याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात, म्हणजे दाह. पण २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले अशा पट्ट्याचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा दाहाऐवजी तंतूंची झीज आणि विस्कटलेली वीण दिसली. हा शब्दांचा काथ्याकूट नाही. दाह असता तर दुखण्याच्या गोळ्यांनी काम भागलं असतं. झीज असते म्हणून गोळी चार दिवस दुखणं झाकते, आणि त्या चार दिवसांत माणूस जास्त चालून घेतो.

दुखण्याची वेळ मोठी बोलकी असते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी सैल आणि आखूड, पट्टाही ढिला. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला अख्ख्या शरीराचा भार त्या ढिल्या पट्ट्यावर एका झटक्यात येतो. खिळा घुसल्यासारखी कळ येते. आठ-दहा पावलांत, फार तर अंघोळीपर्यंत, ती ओसरते. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी परत येते, आणि एसटीत तासभर बसून उतरताना पुन्हा पहिल्या पावलाला भेटते. जागा तपासायची तर खुर्चीवर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, एका हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या तळाची पुढची, आतली कड दाबावी. तिथे बोट ठेवता येण्याइतकी नेमकी दुखरी जागा मिळाली तर पट्ट्याचाच संशय घ्यायचा.

नेमकी जागा मिळत नाही, टाचेचा मधोमध भाग ठणकतो, सकाळच्या पहिल्या पावलाचं विशेष काही नाही पण अनवाणी उभं राहवत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. टाचेखाली दीडेक सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. चिवट पडद्यांचे छोटे छोटे कप्पे आणि त्यांत कोंबलेली चरबी. फणस चिरल्यावर तंतूंमध्ये गरे बसलेले दिसतात तसं काहीसं. कप्पे बंद असतात म्हणूनच दाबाखाली चरबी बाजूला पळत नाही आणि धक्का शोषला जातो. चाळिशीनंतर हे पडदे सैल पडायला लागतात, गादी पातळ होते. आणि नेमकं त्याच वयात घराची जमीन बदलून झालेली असते.

जमिनीविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण टाचेच्या गप्पांत तिचं नाव कुणी घेत नाही. शेणाने सारवलेली जमीन, मग कोबा, मग लादी, मग गुळगुळीत टाइल असा आपल्या घरांचा प्रवास झाला. सारवलेली मातीची जमीन कठीण असली तरी किंचित दबते. टाइल दबत नाही, आणि तिच्याखालचं काँक्रीट तर नाहीच नाही. पूर्वीच्या माजघरात बरीचशी कामं बसून व्हायची: विळीवर चिरणं, पाट्यावर वाटणं, रोवळीत तांदूळ धुणं. ओटा आल्यावर तीच कामं उभ्याने झाली. पाठीला आराम मिळाला, हे मान्य. पण घरात चपला घालायच्या नाहीत हा रिवाज तसाच राहिला. म्हणजे ज्या घरात बाई पूर्वी मातीवर बसायची, त्या घरात ती आता टाइलवर अनवाणी चार-पाच तास उभी असते. गणपतीचे पाच-सात दिवस आणि माहेरवाशिणी, पाहुणे धरून हा आकडा दुप्पट होतो. गौरी-विसर्जनानंतर टाच धरून बसणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याला ‘दगदग झाली’ म्हणतात. दगदग झालीच, पण ती कशावर उभं राहून झाली तेही बघायला हवं.

उपाय फार मोठा नाही. फक्त घरात वापरायची, बाहेरचा रस्ता न पाहिलेली, मऊ पण जाड तळाची एक जोडी ठेवायची. स्वयंपाकघरात तीही नको असेल तर ओट्यासमोर काथ्याचं जाड पायपुसणं दुहेरी घालून त्यावर उभं राहावं. खालची बाजू घसरत नाही ना एवढं बघावं. ओल्या टाइलवर सरकणारं पायपुसणं टाचेऐवजी मनगट मोडेल.

आता कोकणाचं वर्ष. टाचेला एकूण कष्ट किती पडतात यापेक्षा ते किती अचानक पडतात याचं वावडं जास्त असतं, आणि आपलं पंचांग अशा अचानक कष्टांनी भरलेलं आहे. मार्च-एप्रिलात शिमग्याच्या पालख्या: खांद्यावर भार, अनवाणी पाय, तापलेला कातळ, आणि घरोघर नाचवणं. त्याच्या आगेमागे आंब्याची काढणी, म्हणजे उतारावरून वीस किलोचा क्रेट खांद्यावर घेऊन खाली उतरणं. उतरताना दर पावलाला टाच आपटते. जून-जुलैत चिखलणी, लावणी. चिखल मऊ असतो, मग टाचेला काय त्रास, असं वाटेल. पण रुतलेला पाय दर वेळी उपसून काढायचं काम पोटरी आणि तळव्याचे स्नायू करतात, आणि चिखलातून बाहेर आलं की तोच थकलेला पाय बांधाच्या आणि पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दगडावर पडतो. जून-जुलैची मासेमारीबंदी दोन महिने खलाशाचे पाय सैल करते, मग ऑगस्टमध्ये एकदम हलत्या फळीवर चौदा-सोळा तास. भाद्रपदात बाल्यानाच. पायात चाळ बांधून जमिनीवर टाच हाणायची ती एकेकाळी अंगणातल्या मातीवर. आता मंडपाखाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतात. पुढे जत्रांच्या हंगामात रात्ररात्र उभे राहणारे, उड्या मारणारे दशावतारी.

आणि सगळ्यांत बिचारा म्हणजे चाकरमानी. अकरा महिने मुंबईत खुर्चीवर, मग गणपतीच्या गर्दीत कोकण रेल्वेच्या डब्यात आठ-दहा तास उभा, उतरल्यावर वाडीपर्यंत चढण, घरी अनवाणी, आणि दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या डोंगराला प्रदक्षिणा नाहीतर मार्लेश्वरच्या शेकडो पायऱ्या. पट्ट्यातले तंतू अशा बदलाला जुळवून घेतात, पण त्यांना आठवडे लागतात. दोन दिवसांत ते जमत नाही. सणाच्या तीन-चार आठवडे आधीपासून रोज थोडं थोडं करून चालणं वाढवत नेलं तरी निम्मं काम होतं.

समुद्रकिनाऱ्यावर चालणं टाचेला चांगलं, हा सल्ला सरसकट देऊ नये. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. टाच बोटांपेक्षा खोल रुतते आणि दर पावलाला पोटरीचा दोर ताणला जातो. पाण्यालगतची ओली वाळू कठीण असते खरी, पण ती समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे जाताना एक पाऊल आत कलतं आणि येताना दुसरं. दुखत्या टाचेने ओहोटीच्या वेळी सपाट झालेल्या वाळूवर, आधी पंधरा मिनिटं, तेही पायात काहीतरी घालून चालावं. काहीतरी घालून, कारण शिंपल्याची कपची आणि काच वाळूत सारखीच दिसते.

जोखमीच्या यादीत वरच्या तीन गोष्टी कोणत्या, याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतल्या २००३ च्या अभ्यासात मिळतं. त्यात फॅशायटिसचे ५० रुग्ण आणि न दुखणारे १०० जण यांची तुलना होती. घोटा पुढे वाकण्यातली आखडलेली हालचाल, ३० च्या वरचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) आणि कामाचा बहुतेक वेळ उभ्याने जाणं, हे तिन्ही रुग्णांमध्ये ठळकपणे जास्त आढळलं. आणि सर्वांत ठळक होता तो आखडलेला घोटा. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा बीएमआय साधारण ७२ किलोला ३० होतो. वजनाबद्दल सगळेच बोलतात. उभं राहण्याबद्दल शिक्षक, परिचारिका, कंडक्टर, हॉटेलातले वाढपी, जेट्टीवरचे हमाल यांना काय सांगणार? म्हणून मला घोट्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या हातात आहे. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता, गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचं. टाच उचलली जाण्याआधी अंगठा आणि भिंत यांत दहाएक सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या हाताच्या निम्म्या वितीएवढं अंतर राहायला हवं. पाच-सहावर अडलं तर पोटरी आखडलेली आहे. टाच टेकवून उकिडवं बसता येणं हीही याच हालचालीची परीक्षा. कमोड आणि खुर्ची आल्यापासून ती परीक्षा आपण देणंच सोडलंय.

सपाट तळवा आणि फार उंच कमान, दोन्हींना त्रास होतो. एकात पट्टा सतत ताणलेला, दुसऱ्यात पाऊल धक्का नीट शोषत नाही. वय बहुधा ४० ते ६०. गरोदरपणात वजन आणि पावलाची ठेवण दोन्ही बदलतात, तेव्हाही हे दुखणं डोकावतं.

टाचेच्या मागच्या बाजूचं दुखणं वेगळं धरायचं. पोटरीचे स्नायू एकत्र येऊन जो जाड दोर टाचेच्या हाडाला मागून येऊन मिळतो तो अकिलीस टेंडन. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढणाऱ्यांकडे बघावं: दोर कमरेला, पाठ किनाऱ्याकडे, टाचा वाळूत रोवलेल्या आणि अंग मागे झोकलेलं. पोटरीच्या या दोरावरही ताण येतो. त्यात पुन्हा बुटाची किंवा गमबुटाची मागची कड नेमकी तिथेच घासत असेल तर हाड आणि दोर यांच्यामधली पाण्याची पिशवी सुजते, मागे टेंगूळ दिसतं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविकं, जी जुलाबांना आणि लघवीच्या संसर्गाला सर्रास दिली जातात, ती काही जणांच्या या दोराला इजा करतात. साठी ओलांडलेले आणि सोबत स्टेरॉइड चालू असलेले यांना धोका जास्त. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. असं औषध चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत मागून टाच दुखायला लागली तर डॉक्टरांना त्या औषधाचं नाव आधी सांगावं. उरलेली पट्टी कपाटात जपून ठेवून पुढच्या पावसात स्वतःच घेऊ नये, हेही आलंच.

काही टाचा मुळात टाचेच्या नसतात. जळजळ, मुंग्या, रात्री पडून असताना दुखणं, हे नस दाबली गेल्याचं लक्षण; ती घोट्याच्या आतल्या अंगाला दाबलेली असेल किंवा थेट कमरेत. टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर कळ आली तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. हाडं ठिसूळ झालेल्या बायका आणि महिनाभरात एकदम खूप चालायला लागलेले यांत हा तडा सापडतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसत नाही. आंब्याच्या झाडावरून उडी टाकून, नाहीतर पडून थेट टाचांवर आलेल्या माणसाची टाच मोडलेली असते आणि कधी कधी त्याच धक्क्याने कंबरेचा मणकाही. त्याला उभं करून चालवून बघायचं नाही. चाळिशीच्या आत दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा तासाहून अधिक ताठ राहते, हालचालीने मोकळी होते, डोळे लाल होतात किंवा अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत, तर तो सांधेवाताचा एक प्रकार असू शकतो. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी टाच सुजली तरी तोच विचार. अशांना पायाखालची गादी बदलून उपयोग नसतो, रक्ततपासणी आणि संधिवाताचे डॉक्टर लागतात. आणि युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांत टाच रातोरात लाल, गरम होते, चादरीचा स्पर्श सोसवत नाही.

मधुमेह मात्र वेगळा काढायला हवा. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना जाते, घाम येणं थांबतं, कातडी सुकते, टाचेला भेगा पडतात. त्या माणसाला तापलेली वीट किती तापलेली आहे हे कळत नाही. रुईच्या पानातून भाजून निघालेली टाच दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर दिसते, आणि ती जखम भरायला महिने लागतात. ज्याच्या पायाला बधिरपणा आहे त्याला वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको. उन्हाळ्यात देवळाच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. देव समजून घेईल, पण पुजारी घेतीलच असं नाही. मग जाड मोजे घालून जावं.

भेगांना आपण दुखण्यात धरत नाही, पण खोल भेग चालताना पट्ट्याइतकीच कळ देते. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात तिचा दुसरा धोका आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून चिखलात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू अशा उघड्या भेगांतून शरीरात शिरतात, आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरीला लेप्टो नवा नाही. लावणीला उतरण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, टाचा भरून यायला हव्यात. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय ठेवायचे, वजरीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढायची, ब्लेड लावायचं नाही, आणि पाय अर्धवट ओले असतानाच युरिया असलेलं मलम किंवा आपलं मुठेल चोळून रात्री सुती मोजे चढवायचे. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल भेगेत बसतं आणि आतला ओलावा उडू देत नाही. ओलावा ते स्वतः देत नाही, म्हणून कोरड्या टाचेवर नुसतं थापून फारसा उपयोग नाही. वितळवून गरमागरम भेगेत सोडायची जुनी पद्धत आहे, तीही बधिर पायाला वर्ज्य. भेगा उघड्या असताना चिखलात उतरणं टळत नसेल तर गमबूट घालावेत, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. चिखलातून आल्यानंतर ताप आणि पोटऱ्या ठणकायला लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चपलेबद्दल थोडक्यात. पावसाळ्यासाठी घेतलेली चपटी प्लास्टिकची चप्पल टाचेला टाइलपेक्षा फार वेगळी नसते. हवाई चप्पल अंगठ्याने दाबून बघावी: टाचेच्या जागी खळगा पडून तो परत भरून येत नसेल तर रबर मेलंय, पट्टा शाबूत असला तरी. टाचेची कड एका बाजूने तिरकी झिजली असेल तर पाऊलही रोज तसंच तिरकं पडतं. हवी ती चप्पल किंवा सँडल अशी: टाच बोटांपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच, मागून पट्टा, चवड्याशी वाकणारी पण मधे न वाकणारी. किंमत बघून टाच ठरवू नये; रस्त्यावरच्या दुकानात ती मधोमध वाकवून बघता येते.

इंजेक्शनाचं काय, हा प्रश्न येतोच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे छान वाटतं. पण ते वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेची चरबीची गादी विरघळून पातळ होण्याचा धोका असतो. एकदा पातळ झालेली गादी परत भरत नाही. लग्नसराईत उभं राहायचंय म्हणून इंजेक्शन, मग गणपतीला दुसरं, मग शिमग्याला तिसरं, हा मार्ग मला पटत नाही. पट्ट्याची टाचदुखी बहुतेकांची इंजेक्शनाशिवाय, शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, फक्त तिला महिने लागतात, कधी वर्षही.

त्या महिन्यांत करायचं काय, तर तीन गोष्टी. पहिली अंथरुणातच, जमिनीवर पाय टेकण्याआधी: पाय गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, तळव्याखाली पट्टा दोरीसारखा ताठ लागेपर्यंत. दहा मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरी भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं, तीस सेकंद तीनदा, एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत आणि सरळ गुडघ्याने खालचा स्नायू नीट ताणला जात नाही. रोज दोन महिने केलं तर फरक कळतो, आठ दिवसांत कळत नाही.

तिसरी गोष्ट पायरीवरची. टॉवेलची घट्ट गुंडाळी बोटांखाली ठेवायची, म्हणजे रहाटाचा दोर आधीच गुंडाळला जाईल. चवडा पायरीच्या कडेवर, टाच बाहेर. तीन मोजत वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. बारा वेळा, मधे विसावा घेत तीन फेऱ्या, आणि एक दिवसाआड. रोज नाही, तंतूंना मधला दिवस लागतो. दोन्ही पायांवर सुरुवात करून मग दुखऱ्या एका पायावर यायचं. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत चार-पाच किलो तांदूळ घालून दहा वेळा, चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ वेळा, पाच फेऱ्या. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल आदल्या सकाळपेक्षा वाईट असेल तर वजन कमी करायचं. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात असं करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा जास्त आराम मिळाला होता. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच आले.

जांभ्याची पायरी याला उत्तम. खरखरीत असते, पाय सरकत नाही, आणि शेजारी पडवीचा खांब धरायला असतो. मात्र जून लागला की अंगणातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा छपराखालची पायरी घ्यावी. उंबरठा त्याच उंचीचा असला तरी त्यावर उभं राहिल्याबद्दल घरातलं कुणीतरी ओरडेल. आणि दुखणं तळाला नसून टाचेच्या मागे, दोर हाडाला मिळतो तिथे असेल तर पायरी नको. सपाट जमिनीवरच टाचा उचलायच्या, कारण टाच पायरीच्या खाली गेली की तो दोर हाडावर दाबला जातो.